धागा: धमकीचा कागद आलाय आणि बाबा म्हणतात वाईच दम धर

तरवा_चिखल (धागाकर्ता), मार्च

राम राम मंडळी. लई दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गावाचं नाव टाकत नाही कारण इथं निम्मे लोक ओळखीचे निघतील. आजोबांच्या वेळची भातजमीन आहे, १ एकर १२ गुंठे, शेजारी चुलत्याची. मधे एक बांध. चुलते गेल्या वर्षी गेले आणि चुलतभाऊ गोव्यातली नोकरी सोडून घरी आलाय. त्याचं म्हणणं, तुमच्या आजोबांनी बांध सरकवला, आमचे २ गुंठे तुमच्यात आहेत. आधी देवळापुढं बोलला, मग बायकांच्यात बोलणं, आणि मग एक दिवस रात्री साडेदहाला फोन, मिरगाच्या आत बांध काढ नाहीतर जेसीबी घालतो, आडवा कोण येतो बघू. शिव्या वेगळ्या.

त्यानंतर आठ दिवसांनी रजिस्टर पोस्टानं कागद आला. वकिलाचा. पूर्ण कन्नडमधे. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत, बाजारात कन्नड बोलतो फाडफाड, खरं वाचायचं म्हटलं की एकेक अक्षर लावत बसावं लागतं. १५ हा आकडा आणि आमचा सर्व्हे नंबर एवढंच कळलं. तीन रात्री तो कागद उशाखाली घेऊन झोपलो, म्हणजे झोपलो नाहीच.

बायको म्हणते विकून टाका आणि पुण्याला भावाकडं जाऊ. दोस्त म्हणतो बेळगावची चार पोरं आहेत, एकदा येऊन उभी राहिली की विषय संपला. आणि आमचे बाबा, वय ७१, रोज संध्याकाळी विठ्ठल मंदिरात हरिपाठाला जाणारे, त्यांनी काय केलं, तो कागद घेतला आणि देव्हाऱ्यात विठोबाच्या फोटोपुढं ठेवला, वर एक तुळशीचं पान. म्हणाले, वाईच दम धर, तो हाय.

मला राग आला हो. १५ दिवस पळायला लागलेत आणि हा माणूस कागदाला तुळस वाहतोय. माझा प्रश्न सरळ आहे, ही श्रद्धा की पळपुटेपणा? देवावर सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

निपाणीकडचा

पहिलं ती चार पोरं सोड बाबा. आमच्या पाव्हण्यानं बोलावलेली, दुकानाच्या गाळ्यासाठी. काम एका दिवसात झालं, समोरचा गुमान गेला. पुढच्या महिन्यात पोरंच चहाला येऊन बसली. मग दर महिन्याला. चहाचं जेवण झालं, जेवणाचं पाकीट झालं. शेवटी पाव्हण्यानं गाळा विकला तो ह्यांना चुकवायला. ज्याच्याशी भांडण होतं तो आजही तिथंच पानाचं दुकान चालवतोय 😄

कोर्टपायरी

तुमचा देव तुमच्याकडे, मी फक्त माझ्या धंद्यातलं सांगतो. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. ती एका माणसानं दुसऱ्याला लिहिलेली चिठ्ठीच आहे, फक्त लेटरहेडवर. ती आधी नीट वाचून घ्या. कुणीतरी वाचणारा गाठा, अर्ध्या अक्षरांवर निष्कर्ष काढू नका. मुदतीत उत्तर द्या, तेही वकिलामार्फत आणि शांत भाषेत. समोरचा एकतर्फी स्टे आणेल अशी भीती असेल तर दिवाणी कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा, ती ९० दिवस चालते, मग तुम्हाला कळवल्याशिवाय सहसा काही होत नाही. फोनवरच्या धमकीचं रेकॉर्डिंग असेल तर ठेवा, पोलिसात अर्ज देऊन पोच घ्या. आणि मुख्य म्हणजे हद्दबस्तला, म्हणजे हद्दीच्या सरकारी मोजणीला, अर्ज टाका. बांध सरकला की नाही हे तुम्हाला माहीत नाही, त्यालाही माहीत नाही, आजोबा सांगायला नाहीत. हद्दीचे दगड सांगतील.

बाकी कागद देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही, झेरॉक्स मारून ठेवा म्हणजे झालं.

तिसरं_गेट

मी जरा वाईट बोलणार आहे. 'देव बघून घेईल' हे वाक्य आपल्याकडं ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला गप्प बसवायला वापरतात. सावकार वापरतो, भाऊबंद वापरतात. दम धर, दम धर म्हणत माझ्या मामाची सगळी जमीन गेली, मामा शेवटपर्यंत पूजा करत होता. धागाकर्त्यानं राग आला म्हणून लाज वाटून घेऊ नये एवढंच.

कॅम्पकर

धागाकर्ते, तुमचा कागद आणि तुळशीचं पान वाचून मी हातातला मोबाईल खाली ठेवला. आम्ही बेळगावातले मराठी ख्रिस्ती, घरात आजीपासून मराठी बायबल. तुमच्या बाबांनी जे केलं तेच हुबेहूब २७०० वर्षांपूर्वी एका राजानं केलं होतं, त्यांना ते माहीत असायचं काही कारण नाही, म्हणून जास्तच वाटलं. जरा लांबण लावतो, चालेल ना.

यहूदाचा, म्हणजे यरुशलेमभोवतीच्या राज्याचा, राजा आहाज. इ. स. पू. ७३५ च्या आसपासची गोष्ट. उत्तरेकडचे दोन राजे, एक दमास्कसचा आणि एक शोमरोनचा, एक होऊन यरुशलेमवर चालून यायला निघाले. बातमी आल्यावर राजा आणि त्याची माणसं अशी कापली की रानातली झाडं वाऱ्यानं हलतात तशी, असं लिहिलंय. राजा गावाबाहेर गेलेला, बहुतेक पाण्याची सोय बघायला, वरच्या तळ्याच्या पाटाशी, परिटाच्या शेताच्या वाटेवर. तिथं यशया संदेष्टा त्याला गाठतो आणि सांगतो, शांत राहा, भिऊ नको, हे दोघं म्हणजे धुमसणाऱ्या कोलितांची थोटकं आहेत. म्हणजे जाळ संपलाय, नुसता धूर. आहाजला ते पटलं नाही. त्यानं देवळातलं आणि राजवाड्यातलं सोनं चांदी काढली आणि अश्शूरच्या, म्हणजे त्या काळच्या बलाढ्य साम्राज्याच्या, राजाला पाठवली, ये आणि मला वाचव. अश्शूर आला, इ. स. पू. ७३२ मधे दमास्कस घेतलं, पुढं दहा वर्षांनी शोमरोनही गेलं, दोन्ही थोटकं विझली. खरं अश्शूर गेला नाही. मांडलिक होऊन बसावं लागलं. निपाणीकरांची चहाला येणारी पोरं वाचली तेव्हा मला हेच आठवलं.

आता त्याचा मुलगा हिज्कीया. इ. स. पू. ७०१, तोच अश्शूर, आता राजा सन्हेरीब. आणि गंमत बघा, हिज्कीया काही पहिल्यापासून मोठा श्रद्धावान वीर वगैरे नाही. त्यानंही आधी पैसेच भरले. तीनशे किक्कार चांदी, तीस किक्कार सोनं, एक किक्कार म्हणजे ३० किलोच्या वरच. देवळाच्या दारावरचं सोनं खरवडून दिलं. तरी फौज आलीच. अश्शूरचा सरदार येऊन उभा कुठं राहिला तर त्याच वरच्या तळ्याच्या पाटाशी, परिटाच्या शेताच्या वाटेवर. बापाला जिथं भिऊ नको सांगितलं होतं तिथंच पोराला धमकी.

आता सीमाभागातल्या लोकांनी ऐकण्यासारखं. राजाची माणसं त्या सरदाराला म्हणाली, साहेब आमच्याशी अरामी भाषेत बोला, आम्हाला कळते, तटावर लोक बसलेत त्यांच्या भाषेत बोलू नका. दरबारी भाषा अरामी होती. सरदार हसला असणार. मुद्दाम मोठ्यानं लोकांच्या बोलीत ओरडायला लागला, तुमचा देव तुम्हाला वाचवणार नाही, बाकीच्यांच्या देवांनी कुणाला वाचवलं? आपल्याकडं उलटं झालंय, तुमचा कागद तुम्हाला न कळणाऱ्या भाषेत आलाय म्हणून भीती वाटतेय. खरं काम एकच. माणसाला आतून ढिला करायचा.

आणि तटावरचे लोक? गप्प बसले. राजाचा हुकूम होता, त्याला उत्तर देऊ नका. माझ्या मते त्या सगळ्या गोष्टीत सगळ्यात अवघड काम त्या लोकांनी केलं. मग धमकीचं पत्र आलं, हिज्कीयानं ते वाचलं, देवळात गेला आणि देवापुढं पसरून ठेवलं. वाचलं आधी, मग पसरलं, हे कोर्टपायरी साहेबांसाठी 🙂

तिसरं_गेट

छान सांगितलंत, खरंच. पण इतिहास मीही थोडा वाचलाय. सन्हेरीबानं स्वतः कोरून ठेवलंय की हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखा कोंडला. यरुशलेम घेतल्याचं म्हणत नाही हे मान्य. पण त्याच लेखात आहे की ४६ तटबंदीची गावं घेतली. यहूदातलंच लाखीश शहर घेतलं, त्याची चित्रं त्यानं राजवाड्याच्या भिंतीवर कोरली. लाखीशच्या लोकांनी प्रार्थना केली नसेल? माझा मामा लाखीशचा होता असं समजा.

कॅम्पकर

ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही. खोटं देणार नाही. आमच्या पाळकांनाही मी लहानपणी हेच विचारलं होतं, ते म्हणाले होते ज्याचं गेलं त्याला प्रवचन द्यायला जाऊ नकोस, त्याच्याबरोबर बस. तुमच्या मामाबद्दल वाईट वाटतं.

एकच जोडतो. हिज्कीया नुसता देवळात बसला नव्हता. शहराबाहेरचा झरा शत्रूला मिळू नये म्हणून त्यानं डोंगर फोडून बोगद्यातनं पाणी आत आणलं. ५३३ मीटर, दोन्ही टोकांकडनं खणत आले, मधे एकमेकांचे आवाज ऐकू आले आणि कुदळीला कुदळ भिडली असं तिथं भिंतीवर कोरलेलं १८८० मधे सापडलं. आजही त्यातनं पाण्यातनं चालत जाता येतं. तर बोगदाही खणला आणि पत्रही पसरलं, दोन्ही त्याच माणसानं.

उचगावची_माई

मोठमोठे राजे झाले, आता माझं ऐका. मला टायपिंग येत नाही, नात टायपतीया, मी बोलतीया.

आमच्यात दामाजीपंताची कथा कीर्तनात ऐकलीया सगळ्यांनी. मंगळवेढ्याला दुष्काळात सरकारी कोठार उघडून लोकास्नी धान्य वाटलं, बिदरच्या बादशानं धरून आणा म्हणून शिपाई धाडले. पंत पळाले नाहीत. शिपायास्नी एवढंच म्हणाले, वाटंत पंढरी लागती, एकदा दर्शन घेऊ द्या. पुढं विठू महार होऊन देवानं बिदरला जाऊन पैसे भरले ते सगळ्यास्नी ठावं हाय. खरं मला कथंतलं ते शेवटचं नाही, मधलं आवडतं. बिदरला जाताना पंतास्नी पैसे भरलेलं ठावं नव्हतं की. तरी गेले.

माझं सांगती. गटातनं फायनान्सचं कर्ज काढलेलं ५० हजार, नवऱ्याच्या आपरेशनला. दोन हप्ते चुकले. तर रोज संध्याकाळी एक पोरगा येऊन पायरीवर बसायचा. घराला कुलूप घालतो, फोटो काढून गल्लीत लावतो, असलं बोलायचा, अंधार पडला तरी उठायचा नाही. आमच्या गटातल्या दोघी रातोरात पळून गेल्या, एक गोव्याला एक इचलकरंजीला. कर्ज काय सुटलं नाही, वर तिथलं घरभाडं सुरू झालं, पोरांची शाळा गेली ती येगळीच. माझंही गाठोडं बांधून झालेलं बघा. साडी, चार भांडी, रेशन कार्ड. त्या रात्री हरिपाठ म्हणाय बसले आणि मधीच चुकले, पाठ असलेला हरिपाठ चुकले. पयल्यापास्नं परत म्हटला. परत चुकले. तिसऱ्यांदा पुरा झाला तवर पोटातली कळ बसलेली. गाठोडं सोडलं.

दुसऱ्या दिवशी पोरगा आला तर त्याला पाणी दिलं, गूळ दिला. म्हटलं लेकरा, सोमवारी एवढं देतो, पुढच्या सोमवारी एवढं, पावती द्यायची, आणि दिवेलागणीनंतर बाईमाणसाच्या दारात बसायचं नाही. कुठनं आलं एवढं बोलाय मला ठावं नाही. तो काय लगीच देवमाणूस झाला नाही, कुरकुरला, साहेबाला फोन लावला. खरं उठला. वर्ष लागलं फेडाय. नंतर २०२५ ला सरकारनं ह्या वसुलीवाल्यांच्या जाचाला कायदा केला म्हणतात, तवर माझं फिटलं होतं.

बाळ, तुझ्या बाबांवर रागवू नको. त्यांचं झालं त्यांनी केलं, तुझं तू कर. अर्ज टाक.

येडूर_काठचा

माई 🙏

मी थोडी दुसरी बाजू. २०१९ चा पूर. कृष्णेवरचा येडूर कल्लोळचा बंधारा दरवर्षीच पाण्याखाली जातो, आम्हाला त्याचं काही नाही, शाळेला सुट्टी मिळते. त्या वर्षी पाणी थांबेना. दवंडी झाली, घरं सोडा. आमचे आजोबा उंबऱ्यावर बसले, म्हणाले कृष्णामाई आपल्या घरात यायची नाही, माझा तिच्यावर भरोसा आहे. पाणी गोठ्यात आलं तरी तेच. शेवटी दोघांनी उचलून बोटीत घातले, म्हशी आधीच सोडलेल्या, त्यातली एक परत मिळाली नाही.

नंतर निवारा केंद्रात खिचडी खाताना आजोबांनी स्वतःच सांगितलं. २००५ च्या पुराची खूण त्यांनी भिंतीवर केलेली होती, पायरीच्या वर पाणी आलं नव्हतं तेव्हा. म्हणाले, मी माईचं नाव घेत होतो, खरं भरोसा त्या खुणेवर ठेवलेला. हे मला आजवर कुठल्या महाराजांच्या तोंडून ऐकायला मिळालं नाही. तेव्हा धागाकर्ते, बाबांचा भरोसा कशावर आहे ते एकदा विचारा. 'भाऊबंद आहे, काय करणार नाही' ह्यावर असेल तर ती भिंतीवरची खूणच आहे.

निपाणीकडचा

हा धागा सेव्ह केला. मी चेष्टेनं आलतो.

तरवा_चिखल, एप्रिल

सगळ्यांना नमस्कार, उत्तर द्यायला वेळ झाला.

कागद घेऊन गल्लीतल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडं गेलो. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचला, मग परत एकदा थांबत थांबत मराठीतनं सांगितला. त्यात जेसीबी कुठंच नाही. बांध काढतो असंही नाही. हद्द वादात आहे, १५ दिवसांत म्हणणं कळवा, नाहीतर दिवाणी दावा लावू, बस. तीन रात्री मी ज्या कागदात जेसीबी बघत होतो त्यात नुसतं उत्तर द्या लिहिलेलं. मास्तर चहा ओतत म्हणाले, देवर अदान बिडरी, म्हणजे देव आहे सोडा हो. बाबा हरिपाठावरनं येऊन जे म्हणतात तेच, फक्त कन्नडमधे. मला हसूच आलं.

येडूरवाल्यांचा प्रश्न बाबांना विचारला. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, तो ऐकेल असं मला वाटत नाही, लहानपणापासून हट्टी आहे. जमीन राहील असंही माझं म्हणणं नाही. मी तुझ्यासाठी दम धर म्हणालो, तू रात्री काठी दारामागं ठेवतोस ते मी बघतोय.

ती काठी मी ठेवत होतो. कुणाला सांगितलं नव्हतं.

नोटिशीला उत्तर गेलं, हद्दबस्तचा अर्ज टाकला, पोलिसातही साधा अर्ज देऊन ठेवला. कागदाची झेरॉक्स फायलीत, मूळ अजून देव्हाऱ्यात.

तरवा_चिखल, जुलै

शेवटचं अपडेट, मग आवरतो, शेतात लावण चालू आहे.

मे महिन्यात जेसीबी आलाच. सकाळी सात वाजता, बांधाच्या टोकाला. मी घरातनं धावत सुटलो, हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. बाबा माझ्याआधी पोचलेले, हातात पाण्याचा तांब्या. ड्रायव्हर विजापूरकडचा तरणा पोरगा, त्याला पाणी दिलं, विचारलं जेवलास का. चुलतभाऊ मागनं ओरडत होता, चल घाल, घाल. बाबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ड्रायव्हरला म्हणाले, तारीख पडलीया मोजणीची, त्याआधी दगड हलला तर तुझ्या मशीनचा नंबर कागदावर येईल, तुझं नुकसान कशाला. पोरानं मशीन बंद केलं. चुलतभावाच्या शिव्या पाच दहा मिनिटं चालल्या, मग त्यालाही कळेना आता काय करायचं. कॅम्पकर, मला त्या वेळी तटावरची माणसं आठवली. मी एक शब्द बोललो नाही. दात दुखले दिवसभर, एवढे आवळून धरलेले.

मोजणी झाली. टिप्पणाप्रमाणं, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदाप्रमाणं, एक दगड बांधाखालीच निघाला, दुसरा त्याच्या बाजूच्या करंजाच्या मुळात. निकाल असा की त्यांचा पाऊण गुंठा आमच्यात आहे. २ नाही, खरं शून्यही नाही. म्हणजे आजोबांनी का कुणी बांध खरंच सरकवला होता. हे ऐकून मी तिथंच बांधावर बसलो. त्या चार पोरांना बोलावलं असतं तर त्याच्याच जमिनीसाठी त्याला मारला असता की मी.

बाबा सर्व्हेअरच्या देखत म्हणाले, पाऊण गुंठा सोडला, ह्या वर्षीच बांध नवीन घाला, खर्च अर्धा अर्धा. सही केली. मला न विचारता, तेही सांगून ठेवतो, त्यावरनं दोन दिवस बोललो नाही त्यांच्याशी.

तिसरं_गेट

म्हणजे देव्हाऱ्यात कागद ठेवून निकाल समोरच्याच्या बाजूनं! तुमचा विठोबा भारी निःपक्ष आहे हो. (चेष्टा. बाबांना माझा नमस्कार सांगा, मामा असते तर त्यांना ऐकवलं असतं हे.)

उचगावची_माई

भाऊ बोलतोय का मग आता?

तरवा_चिखल

नाही माई. बघून तोंड फिरवतो. काकू तेवढ्या विहिरीवर बोलतात आईशी.

ह्या वर्षी त्याचा तरवा पावसात कुजलाय, अर्धी शेती रिकामी पडलीया त्याची. आमचं रोप जरा जास्त झालंय. काल संध्याकाळी बाबा म्हणाले, पंधरा वीस पेंढ्या उरतील, नवीन बांधावर ठेव, सांगायला जाऊ नको. आत्ता तेच ठेवून आलो, ओली आहेत, उद्या दुपारपर्यंत टिकतील.